तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतः मोजक्या वस्तूंत राहून मी दुकान का चालवते

नाशिकच्या जुन्या भांडीबाजारापासून पायी दहा मिनिटांवर माझे छोटे दुकान आहे. तेथे स्टीलचे डबे, बांबूचे टूथब्रश, वाळलेल्या घोसाळ्याची घासणी, रिठ्याचे द्रावण, मासिक पाळीचे कप अशा, पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तू मिळतात. दुकानावरच्या खोलीत मी राहते आणि त्या खोलीत पलंग, एक कपाट, चार माणसांपुरती भांडी आणि मोजके कपडे यांपलीकडे फारसे काही नाही. ज्यांना हे ठाऊक आहे ते कधी ना कधी विचारतातच, की स्वतः मिनिमलिझमच्या, म्हणजे मोजक्या वस्तूंत जगण्याच्या, गोष्टी करायच्या आणि लोकांना मात्र वस्तू विकायच्या, हे जुळते कसे? काही जण कुतूहलाने विचारतात, काही जण चिमटा काढायला.

माझ्या मते हे जुळते, परंतु त्याला दोन अटी आहेत. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याची दुकानदाराची तयारी हवी आणि तसे पाठवणे परवडावे इतका त्याचा स्वतःचा खर्च कमी हवा. पहिली अट पाळणे मला पुष्कळसे जमते. दुसरीशी दर महिन्याच्या एक तारखेला, भाडे देताना, झटापट होते.

मागे एकदा दिवाळीच्या आधी एक जोडपे दुकानात आले आणि त्यांनी एकदम चोवीस काचेच्या बरण्या मागितल्या. घरातले प्लॅस्टिकचे सगळे डबे काढून टाकून स्वयंपाकघर स्वच्छ, मोकळे आणि एकसारखे करायचे, असे त्यांच्या मनात होते. जुने डबे भंगारात गेले का, असे विचारल्यावर ते अजून गॅलरीत गोणीत भरून ठेवले आहेत असे कळले. मी त्यांना गोणी सोडायला सांगितली. कोरडी डाळ, रवा, पोहे, खिळे आणि सुतळी यांना ते डबे अजून कितीतरी वर्षे पुरले असते, आणि काच वितळवणारी भट्टी सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, त्यामुळे नवी बरणी म्हणजे काही निसर्गाचे दान नव्हे. लोणच्यासाठी मात्र काच हवीच, कारण तेल, मीठ आणि आंबट यांच्या संगतीला प्लॅस्टिक बरे नाही. ते चार बरण्या घेऊन गेले. वीस बरण्यांचा फायदा बुडाला याचे मला त्या संध्याकाळी वाईट वाटले, हेही येथे लिहून ठेवते.

मिनिमलिझम आणि टिकाऊपणा, म्हणजे पर्यावरणाला जपून जगणे, ही जुळी भावंडे आहेत असे आपण धरून चालतो, पण त्यांचे सदैव पटतेच असे नाही. पहिला घरातल्या वस्तू मोजतो आणि नको असलेली बाहेर काढायला सांगतो, तर दुसरा ती वस्तू बाहेर जाऊन कोठे पडणार आणि तिच्या जागी काय येणार हे विचारतो. प्लॅस्टिकचे चांगले डबे टाकून त्यांच्या जागी बांबूची झाकणे असलेल्या बरण्या मांडणारे घर छायाचित्रात फार साधे दिसते, एवढेच.

मीही यात चुकले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली, तेव्हा कापडी पिशव्यांना अचानक मागणी आली. त्याच भरात एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी नाव छापलेल्या पाचशे पिशव्या मागितल्या आणि मी त्या शिवून दिल्या. पुढच्या वर्षी एका नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला त्यांतल्याच एका पिशवीत तशाच अकरा पिशव्या कोंबून टांगलेल्या दिसल्या, घडीही न मोडलेल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्येच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले होते, की साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला आणायचा तर ती ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळ्या बाजू धरल्या तर सुमारे ७,१०० वेळा. ५२ वेळा म्हणजे आठवड्याच्या बाजाराचे एक वर्ष, ते कोणालाही जमेल. ७,१०० वेळा म्हणजे रोज एकदा वापरूनही १९ वर्षांहून अधिक. अर्थात नाल्यात तुंबणारी किंवा गाईच्या पोटात जाणारी पिशवी त्या हिशेबात धरलेली नव्हती, म्हणून तो आकडा मी जसाच्या तसा गिळत नाही. तरीही खिळ्याला टांगलेल्या त्या अकरा पिशव्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हत्या. तेव्हापासून मी नव्या कापडाच्या पिशव्या ठेवत नाही. कोणी जुनी चादर किंवा सुती साडी आणून दिली तर शेजारच्या शिंपीणबाई पिशवी शिवून देतात आणि शिलाईतले दहा रुपये मला मिळतात.

धंद्याचे गणित मात्र विचित्र आहे. पाळीचा कप नीट उकळून, काळजी घेऊन वापरला तर दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, म्हणजे एक बाई तो एकदा घेऊन गेली की त्या वस्तूसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. बांबूचा ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, आणि त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, ते पकडीने उपटल्याशिवाय दांडा खतात टाकता येत नाही. माझ्या दुकानातली सर्वांत चांगली वस्तू मला सर्वांत कमी पोसते आणि भाडे निघते ते ब्रशावर आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या बाटलीत भरून दिलेल्या रिठ्याच्या पाण्यावर. स्टीलच्या स्ट्रॉ मी ठेवत नाही. उसाचा रस आपण पेल्याला तोंड लावूनच पितो.

माझ्या खोलीचा साधेपणा खालच्या दुकानाच्या माळ्यावर उभा आहे, हा आक्षेप सर्वांत खरा आहे. कारखानदार शंभर नगांच्या खाली डबे देत नाही, त्यामुळे ज्या बाईच्या कपाटात चार साड्या आहेत तिच्या माळ्यावर तीनशे डबे पडलेले असतात. यावर माझे एवढेच म्हणणे आहे, की दहा मिनिटांवर दुकान असले की प्रत्येक घराला सहा महिन्यांचा साठा भरून ठेवावा लागत नाही, आणि गल्लीतल्या शंभर माळ्यांपेक्षा एक माळा भरलेला बरा. भांडीबाजाराला हा प्रश्न कोणी विचारत नाही, याची मला गंमत वाटते. तेथे चेपलेले पितळी पातेले मोडीत घालून, वजनावर पैसे वळते करून नवे घेता येते, आणि जुने पुन्हा भट्टीत जाते. माझ्या वस्तूंना अशी मोड नाही, हे उणे मला सलते.

म्हणून मी निदान दुरुस्तीला नाही म्हणत नाही. गेल्या महिन्यात एक काकू दुकानाच्या पहिल्या वर्षी घेतलेला डबा घेऊन आल्या. झाकणाचा वायसर सैल झाला होता, आमटी गळत होती. ते माप आता निघत नाही, नवा डबाच द्या, असे कारखान्याने फोनवर सांगितले. मी दुपारी शटर ओढून भांडीबाजारात गेले, कुकर दुरुस्त करणाऱ्या एका टपरीवर रबराच्या रिंगा एकेक करून झाकणात बसवून पाहिल्या आणि पंधरा रुपयांची एक चपखल बसली. काकूंना ती वीस रुपयांना दिली. तेवढ्या तासाभरात कोणी शटर वाजवून गेले असेल तर मला ठाऊक नाही. काकूंनी डब्यात पाणी भरले, उलटा धरून हलवला, एक थेंब पडला नाही याची खात्री करून घेतली आणि घरी आणखी एक तसाच डबा आहे, तो गुरुवारी घेऊन येते, असे सांगून गेल्या.