घाटात चढलेला काटा

रविवार, रात्र

गाडी घाटात का तापते ते सापडलं एकदाचं. आठ दिवस डोकं खाल्लं या गाडीनं.

गेल्या रविवारी तुळजापूरला निघालो तेव्हा सोलापुरात ४३ अंश. जुन्या डिझेल टेम्पोची आपण घरगाडी केलेली. पलंग, शेगडी, वर १०० लिटरची पाण्याची टाकी. हायवेला इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध. घाट लागला, गिअर उतरवला आणि काटा तांबड्याकडे सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली, हिटर फुल्ल. हिटर इंजिनचीच उष्णता केबिनमध्ये ओढतो, तेवढाच इंजिनला आधार. ही म्हणाली, "अहो, देवीला चाललोय का भट्टीत?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधीच निकाल दिला : "व्हॉल काढून टाकू साहेब, कटकटच नको." व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. नको म्हटलं. तो काढला की हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. घरी आणून पातेल्यात उकळत ठेवला. वर ८२ अंश कोरलेलं, ८३ला उघडायला लागला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पातेलं मात्र आता गाडीचंच.

मग हेड गास्केटची धास्ती. इंजिनच्या डोक्याखालची ही पट्टी फाटली की पाण्यात हवा नाहीतर तेलात पाणी शिरतं. पहाटे थंड गाडीचं रेडिएटरचं टोपण काढून स्टार्टर मारला : बुडबुडे नाहीत. तेल दुधाळ नाही. जीव भांड्यात पडला. इंजिन चालू ठेवून तासभर उभी केली तरी तापत नाही, म्हणजे फॅनही ठीक. फक्त चढावर, ओझ्याखाली तापते.

आज एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, दोन बोटं पुढं ओढून मागं बॅटरी मारली. त्या दोघांच्या मध्ये गोधडीच! ज्वारीचा भुस्सा, मेलेले किडे, सुतळी. फेब्रुवारीत मंगळवेढ्याहून येताना रस्त्यावर मळणीला टाकलेल्या कणसांवरून मीच गाडी घातली होती, तीही मजेत. पुढून बघावं तर जाळी लख्ख.

बागेच्या पाइपनं, इंजिनच्या बाजूनं पुढं असं धुतलं. वॉशिंगवाल्याचा प्रेशर मुद्दाम टाळला, त्यानं पातळ पात्या आडव्या होतात. आतलं पाणी सोडलं तर गढूळ, तांबूस. दोन वर्षं बोअरचं क्षाराचं पाणी कोण ओतत होतं, ते हिला सांगितलेलं नाही. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं.

संध्याकाळी पाण्याची टाकी भरून पुन्हा तोच घाट. काटा मध्यावरून हलला नाही. हिनं तरीही निघण्याआधीच हिटरच्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली होती.