चुनखडीतले शिंपले ॲसिडने सोडवताना

उथळ समुद्रात साचलेली चुनखडी जीवाश्म शिंपल्यांनी खच्चून भरलेली असते. ती ॲसिडच्या टबात टाकायची घाई नको. दगड जागेवरून हलवण्याआधी वरची बाजू दाखवणारा बाण काढा. सुटे शिंपले बहुतेक पालथे, म्हणजे फुगीर बाजू वर करून पडले असतील, तर तळाशी प्रवाह होता. क्रिनॉइड (दांड्यावर उभा राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मेल्यावर थोड्याच दिवसांत विखरून त्याच्या दांड्याचे मणी सुटे होतात, त्यामुळे अखंड क्रिनॉइड मिळाला तर तो झटपट गाडला गेला असं समजावं. टबात हे सगळं पुसलं जातं.

आता कवच कशाचं आहे ते बघा. चुनखडी ज्याची बनते ते कॅल्साइट ॲसिडमध्ये विरघळतं, पण काही कवचांची जागा सिलिकाने (गारेसारख्या कठीण खनिजाने) घेतलेली असते आणि ती ॲसिडमध्ये टिकतात. पोलादी सुईने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, सिलिकावर उठत नाही. खात्रीसाठी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका. दगड फसफसला आणि कवच गप्प राहिलं तरच पुढे जा. दोन्ही फसफसले तर ॲसिड विसरा, सुई आणि चिकाटीवर भागवा.

बाजारातलं ३६-३७ टक्क्यांचं ॲसिड एक भाग आणि पाणी तीन भाग घेतलं की साधारण १० टक्क्यांचं द्रावण होतं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. प्लास्टिकच्या टबात दगड प्लास्टिकच्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालचा गाळ त्याला चिकटत नाही. बुडबुड्यांच्या जोराने नाजूक काटे मोडतात, तसं दिसलं तर द्रावण ५ टक्क्यांवर आणा. फसफस थांबली म्हणजे ॲसिड संपलं. ते बदला, तीव्रता वाढवू नका.

सगळ्यात जास्त नुकसान अर्धवट सिलिका झालेल्या कवचांचं होतं. वरचा पापुद्रा सिलिकाचा आणि आत कॅल्साइट, असं कवच आतून पोकळ होऊन कोसळतं. म्हणून मधूनमधून दगड बाहेर काढून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि उघड्या पडलेल्या भागावर ॲसिटोनमधलं ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (जीवाश्म मजबूत करणारं पारदर्शक राळेसारखं प्लास्टिक) ब्रशने लावा. वेळ जातो, पण टेक्सासच्या ग्लास माउंटन्समधले पर्मियन काळातले (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे) काटेरी ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखे दोन कवचांचे समुद्री प्राणी, काट्यांसकट हाती आले ते ॲसिडमुळेच. छिन्नीने ते जमलं नसतं.

हायड्रोक्लोरिकऐवजी ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं) वापरलं तर धुण्यात कसूर नको. भेगांमध्ये राहिलेलं कॅल्शियम ॲसिटेट वाळताना स्फटिक धरतं आणि नमुना फोडतं. ॲसिडमध्ये जितका वेळ ठेवला, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ पाणी बदलत भिजवा.

टबाच्या तळाशी उरतं ते फक्त सिलिका झालेल्यांचं. त्याच थरातले कॅल्साइटचे ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे बारीक समुद्री प्राणी) विरघळून गेलेले असतात आणि ॲरॅगोनाइटच्या (कॅल्साइटच्याच घटकांच्या, पण लवकर विरघळणाऱ्या खनिजाच्या) कवचांचे दगडात उरलेले ठसेही नाहीसे होतात. एवढ्यावरून त्या समुद्रातल्या जिवांची यादी केली तर ती एकांगी होणार. त्यामुळे प्रत्येक थरातला एक तुकडा ॲसिडबाहेर ठेवायचा, कापून घासायचा आणि हातभिंगाखाली त्याची वेगळी मोजणी करायची.