कपाटाखालचं बॉस्टन

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधलं लोखंडी कपाट एका पायाने लंगडं आहे, आणि त्या पायाखाली सध्या बॉस्टन गार्डन आहे. खरंच. मामेभाऊ तिकडे अमेरिकेत असतो, त्याने येताना लाकडाचा एक तुकडा आणला, सोबत सर्टिफिकेट की हे बॉस्टन गार्डनमधल्या, सेल्टिक्स या बॉस्टनच्या टीमच्या जुन्या बास्केटबॉल कोर्टाचं लाकूड. आईने सर्टिफिकेट फाइलला लावलं आणि लाकूड कपाटाखाली सरकवलं.

मग मी वाचत बसलो. नाव गार्डन पण बाग वगैरे काही नाही, बंदिस्त स्टेडियम, तेही नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावर, म्हणजे आपल्या नाशिकरोड स्टेशनवर मजला चढवून वर कुस्त्या लावल्यासारखं! १९२८ ला उघडलं ते मुळात बॉक्सिंगसाठीच, त्यामुळे पब्लिक अगदी अंगावर बसलेलं आणि आइस हॉकीचं मैदान मापापेक्षा ९ फूट आखूड.

कोर्टाची गोष्ट तर आपल्याच घरातली वाटते. १९४६, युद्ध नुकतंच संपलेलं, लाकडाची टंचाई, मग ओकचे उरलेसुरले तुकडे आडवे-उभे बसवून २४७ चौकोन केले, सगळे सुटे, बोल्टने जोडायचे. हॉकी असली की उचला, खाली बर्फ तयार, बास्केटबॉल असलं की परत जोडा. गोल्फ क्लब मैदानावर (जिथे गोल्फ खेळताना मी तरी कुणाला बघितलं नाही) आपण दुसरं काय करतो, आज प्रदर्शनाचा मांडव, उद्या सभा, परवा पोरांची क्रिकेट आणि कुणाच्या तरी टाचेत मांडवाचा खिळा. माझ्या दोनदा घुसलाय.

गैरसोयी तर विचारू नका, खांबांमुळे काही सीटवरून नीट दिसायचंच नाही, एसी नाही. १९८४ च्या बास्केटबॉल फायनलला आत ३६ डिग्री झालं तर समोरच्या टीमचा करीम अब्दुल जब्बार बेंचवर बसून ऑक्सिजन घेत होता. ३६! आपल्याकडे एप्रिलमध्ये याला आज जरा बरंय म्हणतात. आणि १९८८ मध्ये हॉकीची फायनल ३-३ वर असताना चक्क लाईट गेली, ती काही धड येईना, शेवटी मॅच सोडून द्यावी लागली. लोडशेडिंग बघितलेल्या माणसाला हे वाचून जो आनंद होतो तो बॉस्टनवाल्यांना नाही कळणार.

पण १९६८ चं वाचून मात्र थांबलो. मार्टिन ल्यूथर किंगना मारलं त्याच्या दुसऱ्याच रात्री तिथे जेम्स ब्राऊन या गायकाचा शो होता, गावोगावी दंगली पेटलेल्या, तर तो शो टीव्हीवर लाइव्ह दाखवला, लोक घरात बसून राहावेत म्हणून. आणि शहर बरंचसं शांत राहिलं.

गार्डन १९९५ ला बंद झालं, नवीन बिल्डिंग अवघ्या ९ इंचांवर उभी राहिली, आणि काही वर्षांत जुनं पाडलं. कोर्ट मात्र नव्या जागेत १९९९ पर्यंत खेळत होतं, मग त्याचे तुकडे करून विकले.

भाऊ दिवाळीत येतोय. आई म्हणते तो यायच्या आत ते लाकूड काढून शोकेसमध्ये ठेव. पुठ्ठ्याची घडी घालून बघितली, दार उघडलं की कपाट परत डुलायला लागलं.