सौंफच्या कुरणात

मुक्की, कान्हा राष्ट्रीय उद्यान, डिसेंबर अखेर. रात्र.

शेकोटीपाशी बसूनही बोटं पुरती गरम झालेली नाहीत, तरी आजचं आजच लिहून ठेवते. काल नागपूरहून गोंदिया, बालाघाट, बैहर असं करत दादा, वहिनी आणि मी इथे पोचलो. वहिनीला वाघ बघायचा आहे, आणि कान्ह्यात येऊन वाघाची आस धरू नये असं मी कशी म्हणू? पण वाघ आम्हाला ताडोब्यात दिसतो, पेंचमध्ये दिसतो. मी आले ती बारशिंगा या हरणासाठी. कडक जमिनीवर राहणारा हा बारशिंगा १९७० साली जगात फक्त इथे उरला होता, आणि तेव्हाच्या मोजणीत तो भरला अवघा ६६.

सकाळी सालाच्या जंगलातून बाहेर पडून सौंफच्या कुरणाला लागलो तेव्हा गवतावर हिव पांढरं पडलेलं होतं. ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि पाणथळीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक नर दिसला. हिवाळ्यात नरांचा रंग गडद तपकिरी होतो आणि मानेवर दाट केस येतात. त्याने मान खाली घातली, शिंगं गवतात खुपसली, जोरात झटका दिला आणि डोकं वर काढलं तर शिंगांवर ओल्या गवताचा भाराच! पाण्याचे ओघळ थेट डोळ्यांपर्यंत येत होते, पण हा हलला नाही. माजाच्या दिवसांत नर असे सजतात हे वाचलं होतं. प्रत्यक्ष बघताना मात्र घशात काहीतरी दाटून आलं. मग तो ओरडला. एवढं देखणं जनावर आणि आवाज थेट गाढवाचा.

दुर्बिणीतून शिंगं नीट बघता आली. सांबराच्या एका शिंगाला तीन टोकं. याचा मुख्य दांडा बराच वरपर्यंत सरळ जातो आणि मग त्याला फांद्या फुटतात. दोन्ही शिंगांची मिळून दहा ते चौदा टोकं होतात. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या दलदलीत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचे खूर फाकलेले असतात, याचे घट्ट आणि आवळलेले.

तेवढ्यात मागून दोन जिप्सी भरधाव गेल्या. कुठेतरी चितळाचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा देणारी हाक, झाला होता. आमच्या ड्रायव्हरनेही चावीला हात घातला, पण दादा म्हणाला, "थांबू द्या जरा, हिला बघू द्या." वहिनी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच माझ्या हातातून दुर्बीण घेतली.

हा प्राणी वाचला तो गवतामुळे. बारशिंगा जवळजवळ फक्त गवतच खातो, आणि मादी पाडसाला उंच गवतात दडवून ठेवते. शिकार झाली, गुरं चरली, गवत जाळलं गेलं, मग पाडसं लपणार कुठे? सत्तरच्या दशकात एच. एस. पनवार इथे संचालक असताना आगी आवरल्या गेल्या, कुरणं राखली गेली. जंगलातच कुंपण घालून शिकारी प्राण्यांना मज्जाव असलेला एक भाग केला आणि आतलं गवत वाढू दिलं. आता आकडा आठशेच्या पुढे गेला आहे.

पण आपण बघतो ती बरीचशी कुरणं म्हणजे कुणाची तरी शेतं होती. सौंफ हे गावाचंच नाव. गोंड आणि बैगा आदिवासींची गावं उठवली गेली तेव्हा ही जमीन मोकळी झाली. आमच्या गाईडचे आजोबा अशाच एका गावातले. पाणथळीपलीकडे बोट दाखवून तो इतकंच म्हणाला, "दीदी, दादाजी बोलते थे, उधर कहीं अपना खेत था।" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट तो बारशिंग्यांची माहिती फार अभिमानाने देत होता. मला मात्र राहवत नाही. बारशिंगा जगला याचा आनंद मनापासून आहे, आणि त्याच्यासाठी ज्यांनी घरं सोडली त्यांच्या गावांची नावं प्रत्येक पर्यटकाला प्रवेशद्वारापाशीच वाचायला मिळायला हवीत असंही तितकंच मनापासून वाटतं. गाईडची नोकरी हा त्या जमिनीचा मोबदला होऊ शकत नाही.

जेवताना वहिनीने विचारलं, "सगळे एकाच जागी, आणि एखादी साथ आली तर?" नेमका हाच धोका ओळखून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात हलवले, २०२३ मध्ये बांधवगडलाही नेले. बेशुद्ध करत नाहीत, नरसाळ्यासारखा निमुळता आडोसा उभारून हळूहळू थेट गाडीत हाकतात. त्याला बोमा म्हणतात. हरणं घाबरली की त्या धसक्यानेच मरू शकतात, म्हणून ही सगळी काळजी. हे ऐकून वहिनी म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात सातपुड्याला जाऊ, ते तिथे रुळले का बघू. दादाने लगेच पचमढीचा विषय काढला. म्हणजे जाणं ठरल्यातच जमा आहे.