स्वादुपिंडाची सिस्ट: आकार बघून घाई करू नका

रिपोर्टात ‘स्यूडोसिस्ट, ९ सेंमी’ (म्हणजे स्वादुपिंडाजवळ साचलेल्या पाण्याची गाठ) असं वाचलं की घरातल्यांचं धाबं दणाणतं. माझ्या धाकट्या भावाला पित्ताच्या खड्यामुळे पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, झाला. तो बरा होऊन घरी आला आणि महिना उलटल्यावर ही गाठ दिसली. आई डॉक्टरांना म्हणाली, “अहो, एकदाची काढून टाका ना ती.”

डॉक्टर म्हणाले, “ही काढायची नसते आजी, रिकामी करायची असते. तेही गरज पडली तरच.”

त्यांनी रिपोर्टाच्या मागेच पेनने जठर काढलं, त्याच्या पाठीमागे स्वादुपिंड आणि मधे एक फुगा. सुजेत स्वादुपिंडाची नळी कुठेतरी फाटते, पाचक रस बाहेर झिरपतो आणि त्याच्याभोवती हळूहळू आवरण धरतं. ते पक्कं व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी हात घातला तर कच्चं आवरण फाटायची भीती. शिवाय बऱ्याच सिस्ट आपोआप जिरतात. पूर्वी सहा सेंटीमीटर आणि सहा आठवडे असा ठोकताळा होता. आता नुसत्या आकारावर ठरवत नाहीत. त्रास आहे का, ते बघतात. म्हणून थांबणं हाही उपचारच आहे, हे मला नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

भावाचा त्रास मात्र वाढत गेला. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च, थोड्या वेळाने उलटी. सिस्ट जठरावर दाबत होती. मग एमआरआय केला, कारण आत नुसतं पाणी आहे की स्वादुपिंडाचा मेलेला, घट्ट भाग आहे, हे त्यात सीटीपेक्षा चांगलं कळतं. घट्ट भाग जास्त असेल तर उपचार लांबतो. सीटी केला तो जवळच्या रक्तवाहिनीला फुगा आलाय का हे बघायला. तसा फुगा असताना सिस्टला भोक पाडलं तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. तुमच्या माणसाच्या वेळी हे दोन प्रश्न नक्की विचारा.

त्याची सिस्ट एंडोस्कोपीने रिकामी केली. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते. ती तोंडावाटे जठरात नेतात, जठराच्या भिंतीतून सिस्टमध्ये वाट करतात आणि ती वाट उघडी राहावी म्हणून तिथे स्टेंट, म्हणजे छोटी नळी, ठेवतात. पाणी जठरात उतरतं, पोटावर चिरा नाही. स्टेंट धातूचा असेल तर तो साधारण तीन-चार आठवड्यांत काढावाच लागतो, राहिला तर रक्तस्रावाचा धोका. डिस्चार्ज घेतानाच ती तारीख लिहून घ्या, बरं वाटू लागलं की माणूस विसरतो.

कातडीतून नळी घालण्याचा पर्यायही आहे. सिस्टमध्ये पू झालाय, पेशंट फार अशक्त आहे किंवा गाठ जठरापासून लांब आहे, तेव्हा तो कामी येतो. पण नळी काढल्यावर त्या जागेतून रस गळत राहण्याचा त्रास होऊ शकतो. दुर्बिणीने जमलं नाही तर ऑपरेशन करून सिस्ट जठराला किंवा आतड्याला जोडतात, तेही बऱ्याचदा लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून, होतं.

वाट बघत असाल तर ताप, काळी शौच, रक्ताची उलटी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा अचानक असह्य पोटदुखी यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. दारू आणि सिगरेट बंद म्हणजे पूर्ण बंद. आणि सूज खड्यांमुळे आली असेल तर पित्ताशय कधी काढायचं, हे विचारून ठेवा. भावाचं ते ऑपरेशन अजून व्हायचंय.