आमची वाटचाल : सर्व्हर झोपला तरी दार उघडलं पाहिजे

आमची सुरुवात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्यानं झाली. संभाजीनगरात वाळूज एमआयडीसीत मी अन माझा चुलतभाऊ, एक शिडी, एक ड्रिल मशीन अन मोटारसायकलवर वायरचं बंडल. एका शेठनं विचारलं, दाराला कार्ड सिस्टीम पण बसवता का, आपण हो म्हणून बसलो, मग रात्री जागून शिकलो.

तेव्हा सगळे करायचे तसंच केलं, सगळी दारं एका सर्व्हरला, म्हणजे ऑफिसातल्या मुख्य कम्प्युटरला जोडली, कोणाला आत सोडायचं ते त्यानंच ठरवायचं. जालन्याच्या एका कारखान्यात मे महिन्यात रात्री लाईट गेली, सर्व्हरचा यूपीएस बसला, पण दाराच्या मॅग्नेटिक लॉकला (ते करंट आहे तोवरच बंद राहतं) मी मोठ्या हौसेनं लावलेली १२ व्होल्टची बॅटरी ठणठणीत, म्हणून दार घट्ट बंद. सकाळची पाळी गेटवर उभी. वॉचमन मामा फोनवर म्हणले, "साहेब, तुमच्या कम्प्युटरला झोप लागली तर आम्ही घरी जायचं का?" लै लागलं ते.

मग पद्धतच बदलली. एसटीचा पास असतो ना, कंडक्टर काही डेपोला फोन लावत नाही, शिक्का अन तारीख बघतो, तसंच. कार्डात पास असतो, कोणतं दार, कधीपासून कधीपर्यंत, त्याच्यावर ऑफिसच्या प्रायव्हेट की ची, म्हणजे फक्त ऑफिसकडं असलेल्या गुप्त किल्लीची, डिजिटल सही. दाराच्या कंट्रोलरकडं, म्हणजे लॉक चालवणाऱ्या डब्याकडं, फक्त पब्लिक की, तिच्यानं सही तपासता येते, करता येत नाही, तो सही तपासतो अन उघडतो, कोणाला विचारत नाही. कोणी कंट्रोलर उपटून नेला तरी त्याच्यावरून नवा पास बनत नाही. जुनी १२५ किलोहर्ट्झची कार्डं मात्र सगळी काढली, त्यात नुसता नंबर असतो, साध्या कॉपी मशीनवर डुप्लिकेट निघतं.

यात एक गोची आहे, ती गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काढलेल्या माणसाचा पास मुदत संपेपर्यंत चालतो. रद्द कार्डांची यादी दारापर्यंत पाठवतो, पण लाईन बंद असली तर ती पोचत नाही, म्हणून ठेकेदाराच्या माणसांना १२ तासांचा अन कायम कामगारांना ७ दिवसांचाच पास.

परभणीत वेगळीच फजिती. एका दारानं सगळ्यांनाच नाही म्हणलं. दोनेकशे किलोमीटर गाडी मारून गेलो, तर घड्याळाच्या चिपचा बटन सेल मेलेला, लाईट गेली तशी तारीख थेट १ जानेवारी २००० वर, म्हणजे त्या दाराच्या हिशोबानं आपले पास अजून सुरूच झाले नव्हते. तेव्हापासून दर गुढीपाडव्याच्या आधी सगळीकडचे सेल बदलतो.

आगीच्या बाबतीत मात्र हुशारी नाही, फायर पॅनलची, म्हणजे आगीच्या अलार्मच्या पेटीची, वायर सरळ लॉकची पॉवर तोडते, मधी सॉफ्टवेअर नाही.

जालन्यात मागच्या दिवाळीत सर्व्हर चार दिवस बंद होता, ऑफिसात कोणाला पत्ताच नाही. मामांनी फराळाला बोलावलं तेव्हा बोलता बोलता सांगितलं.