ड्रायर घूं करतो, पण फिरत नाही

चिपळूणच्या पावसात कपडे वाळत नाहीत, आंबतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत पडवीतल्या दांडीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही हाताला गार आणि चिकट लागतो. म्हणून आमच्या घरात सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या धुण्याच्या टबापेक्षा शेजारच्या लहान टबाला, म्हणजे ड्रायरला, मान जास्त. धुणं काय, दगडावरही होतं. पण मुलाची जीन्स, चादरी आणि सासूबाईंची नऊवारी हातानं पिळून पिळून किती पिळणार?

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि वर्तुळाकार गतीच्या धड्याला हेच उदाहरण घेते. ड्रायरची मोटर मिनिटाला साधारण १३०० फेरे मारते. आतल्या भोकांच्या टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली, तर कडेच्या कपड्याला लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोनशे पट निघतं. एवढ्या ओढीत पाणी कापडात टिकत नाही, भोकांतून बाहेर जातं. गरम हवा नाही, हीटर नाही, नुसतं फिरणं. त्यामुळे परदेशातल्या गरम हवेच्या ड्रायरपेक्षा हे यंत्र फार साधं आहे, आणि घरी दुरुस्त करायलाही सोपं. हे मी ठासून सांगते, कारण यंदा जुलैत आमचा ड्रायर बंद पडला तेव्हा पहिला निकाल 'मोटर गेली' असा लागला होता.

लक्षण असं होतं. झाकण लावायचं, टायमर फिरवायचा, की आतून 'घूंऽऽ' असा जड आवाज यायचा, टब जेमतेम हलायचा आणि मिनिटाभरात जळकट वास सुटायचा. बघायला आलेल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत हात घालून टब फिरवून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, जाम झालीय मोटर. अठराशेची मोटर, वर मजुरी. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या." पाच मिनिटांत तो गेलाही.

खरी गोम त्या उघड्या झाकणातच आहे. या ड्रायरला ब्रेक असतो. झाकण बंद केलं की त्याची मागची शेपटी एक खटका दाबते. खटक्याला जोडलेली वायर खाली ब्रेकचा दांडा ओढून धरते आणि ब्रेक-शू, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, टबाच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की वायर सैल पडते, स्प्रिंग ब्रेक-शूला ड्रमवर दाबते आणि टब थांबतो. त्याच झाकणाखाली एक सेफ्टी स्विचही असतो, तो मोटरचा करंट तोडतो. म्हणजे झाकण उघडं असताना टब हाताला घट्ट लागणारच. अगदी नव्या मशीनमध्येही लागतो. त्यावरून मोटर जाम आहे असं ठरवणं म्हणजे हँडब्रेक ओढलेल्या गाडीला धक्का मारून इंजिन गेलं म्हणण्यासारखं आहे.

तपासायचं ते मागून. प्लग भिंतीतून काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले की खाली उजव्या-डाव्या दोन मोटरी दिसतात, एक धुण्याची आणि एक ड्रायरची. ड्रायरची मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते आणि कपलिंगनं वरच्या टबाच्या दांड्याला सरळ जोडलेली असते. मध्ये पट्टा नाही. कपॅसिटरला, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या डबीला, हात लावण्याआधी त्याची दोन टोकं रेझिस्टरनं किंवा होल्डरमध्ये लावलेल्या जुन्या बल्बनं जोडून त्यातला उरलेला चार्ज उतरवून घ्यायचा. मग एका हातानं ब्रेकचा दांडा मागे ओढून धरायचा आणि दुसऱ्या हातानं कपलिंग फिरवायचं.

आमचं कपलिंग अलगद फिरलं. चार-पाच फेरे स्वतःहून घेऊन थांबलं. म्हणजे बेअरिंग ठीक, मोटर जाम नाही.

यानंतर सगळेजण कपॅसिटर बदलतात. घूं आवाज म्हणजे कपॅसिटर, हे समीकरण इतकं रुळलंय की दुकानदारही न विचारता तो पुढे सरकवतो. पुष्कळदा ते बरोबरही असतं. कपॅसिटर अशक्त झाला की मोटरला सुरुवातीचा जोर मिळत नाही, ती नुसती घुमते, आणि अशा वेळी टबाला हातानं थोडी गती मिळाली तर फिरूही लागते. पण अंदाजानं कशाला? मल्टिमीटरनं मोजावं, फक्त तो कपॅसिटर मोजणारा घ्यावा. आमच्या कपॅसिटरवर ५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट, अधिक-उणे ५ टक्के असं छापलेलं होतं. मीटरनं ४.८ दाखवलं. म्हणजे तो चांगला. त्याला हात लावला नाही.

मग वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी. मोटरमधून तीन वायरी येतात, एक सामाईक आणि दोन वाइंडिंगांच्या टोकांच्या. कुठल्याही दोन-दोन वायरींमधला रोध मोजला की तीन आकडे मिळतात, आणि त्यातल्या लहान दोहोंची बेरीज तिसऱ्याएवढी यायला हवी. मला ४१, ५७ आणि ९८ ओहम मिळाले. यंत्रागणिक आकडे बदलतील, बेरीज जुळायला हवी ती हवीच. वर्गात हे फळ्यावर लिहिताना मुलांचे चेहरे कोरे असतात. लेकाला तिथेच शेजारी बसवलं होतं, त्यानं स्वतः बेरीज केली आणि त्याला ती एकदम पटली.

मोटर चांगली, कपॅसिटर चांगला. उरला ब्रेक. लेकाला झाकण बंद करायला लावलं आणि मी मागून टॉर्चनं ब्रेक-शूकडे बघत राहिले. दांडा हलला, पण अर्धाच. शू ड्रमला घासूनच राहिला. वायर आपल्या काळ्या नळीतून बाहेर येते तिथे ती गंजून फुगली होती, चार-पाच तार तुटून ब्रशासारखे पिंजारले होते आणि नळीच्या तोंडाशी अडकत होते. झाकण बंद असूनही ब्रेक लागलेला, आणि मोटर बिचारी ब्रेकशी झुंजत तापत होती. जळका वास होता ब्रेक-शूच्या लायनिंगचा.

इथे थांबता आलं असतं. वायर ऐंशी रुपयांची. पण वायर गंजली का? ती मशीनच्या पोटात असते, तिथे पाणी यायलाच नको. टॉर्च वर फिरवला तर मोटरच्या डोक्यावर पांढुरके ओघळ, साबणाच्या पाण्याचे, आणि कपलिंगच्या बोल्टावर तांबेरा. ड्रायरच्या बाहेरच्या टबाच्या तळाला जिथून दांडा खाली येतो, तिथे एक रबरी सील असतं. दुकानात त्याला कुणी बेलो म्हणतं, कुणी ड्रायर सील. घडीघडीचं रबर आणि मध्ये दांडा फिरण्यासाठी बुश. ते चिरलं होतं. कपड्यांतून निघालेलं पाणी निचऱ्याच्या पाइपात जाण्याऐवजी थेंब थेंब मोटरवर पडत होतं. नुसती वायर बदलली असती तर पुढच्या पावसाळ्यात तीही गंजली असती, आणि तोवर मोटर खरोखरच गेली असती. दुरुस्तीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. मोडलेला भाग हातात आला की तो कशानं मोडला हे विचारायचं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा एक हात वर किंवा एक हात खाली सापडतं.

बाजारपेठेत मिक्सर-पंख्यांचे पार्ट ठेवणारं एक दुकान आहे. तिथे जाताना जुनं सील आणि जुनी वायर पिशवीत घालून नेली. हे कराच. मॉडेल नंबरावरून सील मिळतं असं समजू नका. दिसायला सारखी, पण बुशाचं भोक एक-दोन मिलिमीटरनं वेगळं, अशी सीलं एकाच खोक्यात पडलेली असतात. काउंटरवरच्या काकांनी जुनं सील बोटावर फिरवून बघितलं, तीन काढली, दोन परत टाकली.

"हे घ्या. आणि वहिनी, बसवताना ऑइल लावू नका रबराला. साबणाचं पाणी लावा."

"आणि बुशात?"

"बुशात ग्रीस. बाहेर पुसून घ्यायचं."

सील एकशे वीस, वायर ऐंशी, ब्रेक-शू साठ. एकूण दोनशे साठ रुपये.

सील बसवणं हे या सगळ्यातलं खरं कष्टाचं काम. आधी कपलिंगचा बोल्ट काढायचा, १० नंबरचा पाना लागतो. आमचा बोल्ट गंजून धरला होता, त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी तो कुरकुरत सुटला. मग वरून आतला टब दांड्यासकट सरळ वर उचलून घ्यायचा. तो निघाल्यावर खाली जे दिसतं त्याची तयारी ठेवा: साबणाचा थर, लोकरीसारखा गुंता, शाळेच्या शर्टाची बटणं, एक रुपयाचं नाणं. बुशाखालचा दांड्याचा भाग मी बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला. तिथे खरखर राहिली तर नवं सीलही महिन्याभरात कापलं जातं. नवं सील साबणाच्या पाण्यात बुडवून तळाच्या भोकात दाबलं. त्याची कड टबाच्या काठावर सगळीकडून बसायला हवी, आणि नजरेला ती बसलेली दिसते तेव्हा बरेचदा ती एका बाजूनं आत दुमडलेली असते. बोट घालून पूर्ण गोल फिरवून बघायचं. कड एकसारखी लागली की झालं. मग टब लावायच्या आधीच बाहेरच्या टबात तांब्याभर पाणी ओतून, खाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास वाट बघितली. कागद कोरडा राहिला.

मोटर भिजलेली होती, त्यामुळे ती तशीच परत जोडायची माझी तयारी नव्हती. वाइंडिंगची बेरीज जुळली तरी ओलाव्यामुळे करंट बॉडीवर येऊ शकतो, आणि ओल्या मोरीत अनवाणी उभं राहून कपडे काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा धोका पत्करायचा नसतो. मोटर वाळवायची रीत मी २०२१ मध्ये पाहिली होती. त्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. ते ओसरल्यावर घराघरांसमोर चिखलानं भरलेली मशिनं, फ्रिज, पंप ओळीनं पडले होते. पुष्कळ भंगारात गेलं. पण रिवाइंडिंगच्या दुकानांत मोटरी गोड्या पाण्यानं धुऊन, खोक्यात जुना शंभरचा बल्ब लावून त्याच्या उबेत वाळवत ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या कितीतरी परत चालल्या. मीही तेच केलं, दोन रात्री बल्बच्या उबेत. मग ती रिवाइंडिंगवाल्यांकडे नेऊन मेगरवर तपासून आणली. साधा मल्टिमीटर इथे पुरत नाही, मेगर ५०० व्होल्ट लावून करंट बॉडीवर गळतो का ते बघतो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "तुम्हीच उघडलीत?" एवढंच विचारलं आणि मोटरचं वरचं टोक पुसून दिलं.

जोडणी उलट क्रमानं. वायरींचे फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवले होते, त्यामुळे तिथे अडलं नाही. ब्रेकच्या नव्या वायरीच्या टोकाला पट्टी असते आणि पट्टीला ओळीनं भोकं. कुठल्या भोकात अडकवायची हे झाकण बंद करून ठरवायचं: शू आणि ड्रममध्ये दोन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. जास्त ताणली तर झाकण उघडल्यावर ब्रेक लागायला उशीर होतो, आणि फिरत्या टबात हात जाणं फार वाईट. झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबतो की नाही, हे रिकाम्या टबावर बघूनच मी कपडे घातले.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, हा त्यामागचा हेतू. मला हे पाऊल मनापासून हवंसं वाटतं. त्याच्या जोडीला बाजारपेठेतलं ते खोक्यांचं दुकान टिकलं पाहिजे, कारण दोनशे साठ रुपयांत मशीन चालू झालं ते तिथल्या काकांच्या बोटाच्या अंदाजामुळे.

अजून दोन कामं मी त्याच वेळी उरकली, मागचा पत्रा लावण्याआधी. मशीनच्या उघड्या तळाला बारीक लोखंडी जाळी बसवली, कारण पावसात उंदीर उबेला आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. मग ड्रायर 'घूं'ही करत नाही, अगदी गप्प बसतो. दुसरं, मोरीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. ते निघालं नुसतं नावाला, वायर सॉकेटपर्यंत आली होती पण स्क्रूखाली धरलेलीच नव्हती. तुमच्या मोरीतलंही एकदा उघडून घ्या, ड्रायर चालू असला तरी.